एका तिरक्या रेघेचं रसग्रहण

१९७८ साली स्वीडनमधल्या लुंड इथल्या तंत्रविद्यापीठात हिल्डिंग एल्मक्विस्ट या तरुण संशोधकाने पीएच.डी.चा प्रबंध सादर केला. मोठ्या आणि सतत बदलत राहणाऱ्या प्रणालींचं वर्णन करण्यासाठी एक नवी भाषा, हा त्याचा विषय. मार्गदर्शक होते कार्ल योहान ऑस्ट्रोम, नियंत्रणशास्त्रातलं फार मोठं नाव. या भाषेला एल्मक्विस्टने डायमोला म्हटलं. तिच्यात एक अगदी लहानसं चिन्ह आहे: तिरकी रेघ. यंत्राचे दोन भाग जिथे एकमेकांना जोडायचे, त्या टोकाचं वर्णन करताना कंसात काही राशी लिहायच्या. काही रेघेच्या अलीकडे, काही पलीकडे. टोकाला टोक जोडलं की अलीकडच्या राशी एकमेकींइतक्या होतात आणि पलीकडच्या राशींची बेरीज शून्य होते. रेघेचा अर्थ एवढाच. पण गेल्या पन्नासेक वर्षांत संगणकशास्त्रात जे काही लिहिलं गेलं, त्यात इतक्या कमी शाईत इतकं सांगणारी जागा मला दुसरी माहीत नाही. कवितेची ओळ वाचावी तशी ती सावकाश वाचायला हवी.

आधी बरोबरच्या चिन्हाकडे बघू. शाळेत ओहमचा नियम शिकताना गुरुजी कधी रोध आणि प्रवाह देऊन दाब विचारायचे, कधी दाब आणि रोध देऊन प्रवाह. नियम एकच, प्रश्न तीन. समीकरणात कोण कारण आणि कोण कार्य हे लिहिलेलं नसतं. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या सुमारास, यावत्तावत्, कालक, नीलक अशी अज्ञातांची नावं घेऊन दोन पक्ष एकाखाली एक मांडले जात. वरचा पक्ष खालच्याला काही आज्ञा देत नसे, दोन्ही तोलामोलाचे. संगणकाच्या भाषा आल्या आणि हा तोल गेला. १९५७ च्या फोरट्रानमध्ये बरोबरचं चिन्ह म्हणजे हुकूम: उजवीकडचं काढ आणि डावीकडे ठेव. आजही बहुतेक भाषांमध्ये तेच चालतं. क्ष बरोबर क्ष अधिक एक, हे वाक्य गणिताच्या वहीत चुकीचं आणि प्रोग्रॅममध्ये बरोबर. या हुकमाने जग चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण निसर्गाचं वर्णन करायला तो अपुरा पडतो.

तो कुठे अपुरा पडतो ते मालवणजवळच्या देवबागला जाऊन बघावं. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी. टोकाला दोन्हींची गाठ पडते. खाडीच्या या तोंडातून पाणी आत जातं की बाहेर येतं, या प्रश्नाला इथलं पोरसुद्धा उलट विचारेल, कधी? भरती लागली की आत, ओहोटी लागली की बाहेर. साधारण १२ तास २५ मिनिटांत एक पूर्ण फेरा, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, अष्टमीला भांग. खाडीच्या तोंडाचं एक टोक इनपुट आणि दुसरं आउटपुट असं ठरवून टाकलं, तर ते वर्णन दिवसातला अर्धा वेळ खोटं ठरणार.

एल्मक्विस्टच्या आधी सिम्युलेशन करणाऱ्याला नेमकं हेच करावं लागे. व्हॅनेव्हर बुश यांनी १९३१ मध्ये एमआयटीत बांधलेलं डिफरन्शियल अ‍ॅनालायझर घ्या, नंतरचे अ‍ॅनालॉग संगणक घ्या, नाहीतर १९६७ मध्ये प्रमाण म्हणून ठरवलेली सीएसएसएल ही सिम्युलेशनची भाषा घ्या. सगळीकडे ठोकळे आणि बाण. प्रत्येक ठोकळ्यात एका बाजूने काही शिरतं, दुसऱ्या बाजूने काही निघतं. इंजिनिअरने भौतिकशास्त्राची समीकरणं कागदावर मांडायची, हातानेच फिरवायची, कोणती राशी कुठून काढायची ते ठरवायचं आणि मग ठोकळे जोडायचे. हा हिशोब पुरा होईपर्यंत मूळ वस्तू दिसेनाशी होते. कागदावर पंप होता, टाकी होती, नळ होता. आकृतीत उरतात बेरजा, गुणाकार आणि समाकलनं. वर एखादा नळ वाढवायचा म्हटला तर निम्मी आकृती पुसून पुन्हा काढा.

आता खाडीचं एक अगदी साधं वर्णन समीकरणांच्या भाषेत लिहून बघू. डायमोला किंवा तिची आजची वारसदार मॉडेलिका यांच्या धाटणीने, पण नावं आपली:

मॉडेल खाडी
पॅरामीटर क्षेत्र, तोंड, ग, उंची, आवर्तन
अज्ञात समुद्र, आत, वेग, प्रवाह
इक्वेशन
समुद्र = उंची × साइन(२ × पाय × वेळ ÷ आवर्तन)
२ × ग × (समुद्र − आत) = वेग × केवल(वेग)
प्रवाह = तोंड × वेग
क्षेत्र × डेर(आत) = प्रवाह

समुद्र म्हणजे बाहेरच्या पाण्याची पातळी, आत म्हणजे खाडीतली. उंची म्हणजे मधल्या पातळीपासून भरतीची उंची, आवर्तन म्हणजे भरती-ओहोटीच्या एका फेऱ्याचा काळ. डेर म्हणजे बदलाचा दर. ग म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण. घर्षण तूर्त बाजूला ठेवलं आहे. चार अज्ञातं, चार समीकरणं.

दुसऱ्या ओळीपाशी थांबायला हवं. पाठ्यपुस्तकात हीच गोष्ट वर्गमूळ घेऊन लिहिलेली असते: पातळीतला फरक द्या, वेग घ्या. इथे वर्गमूळ नाही. वेगाला वेगाच्या केवलमूल्याने गुणलं आहे, म्हणजे वर्ग झाला, पण चिन्ह राहिलं. समुद्र वर असेल तर वेग धन, पाणी आत. खाडी वर असेल तर वेग ऋण, पाणी बाहेर. भरतीसाठी एक आणि ओहोटीसाठी एक अशा दोन ओळी नाहीत, जर-तर नाही. पाण्याचा स्वभाव एका ओळीत आला आणि दिशा ठरवायचं काम पाण्यावरच सोडलं. चौथी ओळही तितकीच सुंदर आहे. तिथे डावीकडे एकटी राशी नाही, गुणाकार आहे. हुकमाच्या भाषेत ही ओळ चूक ठरली असती, कारण गुणाकारात काही ठेवता येत नाही. इथे मात्र ती फक्त एवढंच सांगते की खाडीत जितकं पाणी चढलं तितकंच तोंडातून आलेलं असणार.

आकडे घालून बघू या, म्हणजे ओळी बोलायला लागतील. हे आकडे कर्लीचे नव्हेत, मनाने धरलेल्या एका लहान खाडीचे. खाडीचं क्षेत्र ५ लाख चौरस मीटर, तोंडाचा छेद १०० चौरस मीटर, भरती-ओहोटीत २ मीटरांचा फरक. भरती अर्ध्यावर असते तेव्हा पाणी सगळ्यात भरभर चढतं, तासाला सुमारे अर्धा मीटर. खाडीला समुद्राबरोबर चढायचं असेल तर सेकंदाला सुमारे ७० घनमीटर पाणी आत यायला हवं. १०० चौरस मीटरच्या तोंडातून म्हणजे वेग सेकंदाला ०.७ मीटर. तेवढ्या वेगासाठी बाहेर आणि आत पातळीत फरक लागतो जेमतेम अडीच सेंटीमीटर. डोळ्यांना दिसणारही नाही इतका. आता तोंडात वाळू साचली आणि छेद निम्मा झाला असं समजा. वेग दुप्पट हवा, म्हणून फरक चौपट, १० सेंटीमीटर. छेद चौथाईवर आला तर हा तोंडी हिशोब मोडतो. आत पुरेसं पाणी पोचण्याआधीच बाहेर ओहोटी लागते. आतली भरती बुटकी होते आणि उशिराही होते. किती बुटकी, किती उशिरा, हे वरच्या चार ओळीच सांगतात. फक्त सोडवायला यंत्र लागतं.

आणि आता खरी गंमत. समजा तोंडाचा छेद माहीत नाही. पाण्याखालची वाळू रोज हलते, तिथे कोण मोजणार? पण खाडीत एक पट्टी रोवून आतली पातळी दर दहा मिनिटांनी टिपता येते. मग छेद किती, हा प्रश्न झाला. ठोकळे-बाणांच्या पद्धतीत ही आकृती आता फेकून द्यावी लागेल, कारण सगळे बाण उलटे झाले. समीकरणांच्या भाषेत एकही ओळ बदलत नाही. आतलं पाणी ज्ञात, तोंड अज्ञात, एवढं सांगितलं की काम झालं. दुसरी ओळ आता वेग देते, चौथी प्रवाह देते आणि तिसरी, जी एरवी प्रवाह काढायची, ती तोंड काढून देते. (पाणी थबकतं त्या क्षणी शून्याला शून्याने भागायची वेळ येते, तेवढी नोंद वगळायची.) शाळेतल्या गुरुजींचे तीन प्रश्न यंत्राने पुन्हा विचारायला दिले, असं मला हे वाचताना वाटतं, आणि त्याचा आनंद लपवावासा वाटत नाही.

दिशा मग ठरवतो कोण? भाषांतर करणारा प्रोग्रॅम. तो आधी प्रत्येक समीकरणाला एक अज्ञात नेमून देतो आणि मग समीकरणांचा क्रम लावतो. जी समीकरणं एकमेकांत अडकलेली असतील आणि एकेक करून सुटत नसतील, ती एकत्र सोडवायला बाजूला काढतो. यासाठी रॉबर्ट टार्जन यांनी १९७२ मध्ये दिलेली आलेखांची रीत कामी येते. म्हणजे दिशा असते, पण ती लिहिणाऱ्याच्या मनात नसते. सगळे भाग जोडून झाल्यावर, पूर्ण वस्तू समोर आल्यावर ती निघते. तोवर निर्णय लांबणीवर टाकायचा. एल्मक्विस्टच्या प्रबंधाचं मर्म मला या संयमात दिसतं.

आता त्या तिरक्या रेघेकडे येऊ, कारण आतापर्यंत आपण खाडी एकसंध लिहिली. खऱ्या कामात वस्तू तुकड्यांनी बनते. समुद्र एक तुकडा, खाडीचं तोंड दुसरा, आतलं पात्र तिसरा, वरून येणारी नदी चौथा. प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाने लिहिलेला असू शकतो. ते जोडायचे तर जोडाच्या जागी काय लिहायचं? रेघेच्या अलीकडे पातळी, पलीकडे प्रवाह. बस. तीन तुकडे एका जागी भेटले की तिघांची पातळी सारखी आणि आत येणाऱ्या-बाहेर जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य. हे किर्शहॉफने १८४५ मध्ये विजेसाठी सांगितलं होतं. पण उष्णतेला तेच लागू होतं: अलीकडे तापमान, पलीकडे उष्णतेचा प्रवाह. यंत्रांना लागू होतं: अलीकडे जागा, पलीकडे बल, आणि बेरीज शून्य म्हणजे न्यूटन. एमआयटीत हेन्री पेंटर यांनी १९५९ च्या सुमारास बाँड ग्राफची पद्धत काढली, तिच्या मुळाशी हीच जोडी होती. एल्मक्विस्टने तिला व्याकरण दिलं. वीज, पाणी, उष्णता, यंत्र ही चार शास्त्रं वेगवेगळ्या इमारतींत शिकवली जातात. त्या सगळ्यांना एका रेघेने भेटता येतं, हे वाचताना अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट त्याने नॉर्वेतल्या सिम्युला भाषेकडून उचलली: क्लास ही कल्पना. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी १९६७ मध्ये ती मांडली होती. खाडीचा एक नमुना एकदा लिहावा आणि मग कर्ली, कोळंब, कालावल अशा त्याच्या प्रती काढाव्यात, प्रत्येकीचं क्षेत्र आणि तोंड वेगळं. प्रत काढणं सगळ्यांना जमतं. पण सिम्युलाची प्रत हुकूम पाळते आणि डायमोलाची प्रत फक्त नातं सांगते. दोन्ही कल्पना एका माणसाच्या टेबलावर आल्या, हे आपलं भाग्य.

एवढं असूनही १९७८ नंतर डायमोला बराच काळ पडून राहिली. एक कारण संगणकांची स्मरणशक्ती तेव्हा तोकडी होती. दुसरं कारण जास्त खोल आहे आणि ते खाडीवरच दाखवता येतं. दोन खाड्या शेजारी आहेत, मधला रस्ता इतका रुंद की दोन्हींची पातळी कायम एकच राहते. प्रत्येकीसाठी क्षेत्र गुणिले डेर असं एक समीकरण, आणि वर एक अट: पहिली पातळी बरोबर दुसरी. मोजायला गेलं तर समीकरणं आणि अज्ञातं जुळतात. पण दोन खाड्यांमधल्या रस्त्याने जाणारा प्रवाह किती, हे कुठलंच समीकरण थेट सांगत नाही. क्रम लावणारी रीत अडते. इथे अट उघड आहे, पण तिच्या पोटात आणखी एक अट लपलेली आहे: पातळ्या कायम सारख्या राहायच्या तर त्या बदलण्याचा दरही सारखाच हवा. हे दुसरं समीकरण लिहिणाऱ्याने लिहिलेलं नसतं, ते अवकलन करून बाहेर काढावं लागतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात रासायनिक अभियांत्रिकीवर काम करणाऱ्या कॉन्स्टँटिनोस पँटेलिडिस यांनी १९८८ मध्ये अशा लपलेल्या अटी आपोआप शोधण्याची रीत दिली. मग १९९३ मध्ये स्वेन एरिक मॅटसन आणि गुस्ताफ सॉडरलिंड यांनी त्यातून सोडवता येईल अशी मांडणी करण्याचा मार्ग दाखवला. १९७८ चा प्रबंध जिथे थांबला होता तिथून रस्ता मोकळा झाला. दहा-पंधरा वर्षं कुणी वाचत नसताना एखादी कल्पना बरोबर राहू शकते, याचं हे मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण.

पुढचा इतिहास झटपट. एल्मक्विस्टने १९९२ मध्ये लुंडला डायनासिम ही कंपनी काढली. १९९६ मध्ये युरोपभरचे लोक एकत्र बसले आणि १९९७ च्या सप्टेंबरात मॉडेलिका या खुल्या भाषेची पहिली आवृत्ती निघाली. लिंशॉपिंग विद्यापीठात पीटर फ्रिट्सन यांनी तिच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि ओपनमॉडेलिका हे कुणालाही फुकट वापरता येणारं साधन उभं केलं. मॉडेलिकात तिरकी रेघ गेली. तिच्या जागी राशीच्या आधी फ्लो हा शब्द आला. नव्या वाचकाला तो लगेच कळतो, हे मान्य. तरीही मला रेघच आवडते. शब्द फक्त एका राशीला शिक्का मारतो. रेघ दोन राशींना एकाच कंसात समोरासमोर उभं करायची आणि त्या जोडीने येतात हे डोळ्यांना दिसायचं.

फ्रिट्सन यांचे विद्यार्थी डेव्हिड ब्रोमन यांनी पुढे या भाषांना एक वेगळा, अवघड प्रश्न विचारला: या वाक्यांचा अर्थ नेमका काय? मॉडेलिकाचं अधिकृत वर्णन साध्या इंग्रजी गद्यात लिहिलेलं. गद्य म्हटलं की दोन माणसं दोन अर्थ लावणार आणि दोन कंपन्यांची साधनं एकाच मॉडेलला दोन उत्तरं देणार. ब्रोमन यांच्या २०१० च्या प्रबंधाचा विषयच समीकरणाधारित भाषांचा अर्थ आणि त्या रचण्याच्या भाषा हा आहे. त्याआधी, २००६ मध्ये, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक उपयोगी गोष्ट दाखवली होती. एका मॉडेलमध्ये समीकरण एकाने कमी पडलं किंवा एकाने जास्त झालं तर साधन फक्त एवढंच म्हणायचं की सगळं मिळून जुळत नाही. हजारो समीकरणांत ती एक ओळ शोधणं म्हणजे मरण. ब्रोमन यांनी प्रत्येक तुकड्यासाठी त्याच्या टोकांवरून हा तुटवडा मोजायची युक्ती दिली, म्हणजे दोष कुठल्या तुकड्यात आहे ते कळावं. पुढच्याच वर्षी मॉडेलिका ३.० ने नियम केला की प्रत्येक तुकडा स्वतःपुरता जुळलेला असलाच पाहिजे. हे काम डोळ्यांत भरत नाही. पण समीकरणांच्या भाषेला शिस्त आली ती इथून, आणि कविता-कारखाना दोन्हीकडे शिस्तीशिवाय सौंदर्य टिकत नाही असं माझं मत आहे.

आता एक अडचण, जी मला या साऱ्या गोष्टीत सर्वांत रसाळ वाटते. पाणी एकटं वाहत नाही, मीठ घेऊन वाहतं. आपल्या खाड्यांमध्ये उन्हाळ्यात खारं पाणी वर वर चढतं, काठच्या विहिरी मचूळ होतात. श्रावणात नदीचा लोंढा येतो आणि त्याच खाडीतलं पाणी जवळजवळ गोडं होतं. कालवं, कांदळ, मासे, सगळ्यांचं गणित या मिठावर चालतं. मग जोडाच्या टोकाशी मीठ कुठे लिहायचं, रेघेच्या अलीकडे की पलीकडे? अलीकडे लिहिलं तर तिन्ही तुकड्यांचं मीठ सारखं होईल, म्हणजे समुद्रही मचूळ. पलीकडे लिहिलं तर मिठाची बेरीज शून्य, जी नुसत्या मिठाच्या प्रमाणाबाबत निरर्थक. मीठ दोन्हीकडे बसत नाही, कारण मीठ प्रवाहाबरोबर जातं आणि प्रवाह कुठे जाईल हे उत्तर आल्याशिवाय कळत नाही. भरतीला तोंडाशी समुद्राचं मीठ, ओहोटीला खाडीचं. दिशा लांबणीवर टाकण्याचा जो मोठेपणा, तोच इथे आड येतो.

२००९ मध्ये मॉडेलिका ३.१ मध्ये याचं उत्तर आलं. राशींचा तिसरा प्रकार: स्ट्रीम. त्याचा नियम वाचून मी कितीदा थांबलो आहे. प्रत्येक तुकड्याने आपल्या टोकाशी फक्त एवढंच सांगायचं की माझ्यातून पाणी बाहेर पडलं, तर त्यात मीठ इतकं असेल. पडलं तर. प्रत्यक्षात पडतं आहे की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समुद्र कायम सांगत राहतो, माझं पाणी गेलं तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम. खाडी सांगत राहते, माझं गेलं तर आत्ता आहे तेवढं. नदी सांगते, माझ्यात मीठ नाही. जोडाच्या जागी कुणाचं पाणी येत आहे ते बघून, येणाऱ्यांचंच मीठ त्यांच्या प्रवाहाच्या प्रमाणात मिसळायचं, ते काम भाषेचं. एका तुकड्याला दुसऱ्याची दिशा ठाऊक असावी लागत नाही. एल्मक्विस्टच्या दोन बाजूंच्या रेघेला तिसरी बाजू लाभली, आणि ती सापडायला तीस वर्षं लागली.

तरी एक जागा नाजूक राहतेच. भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी क्षणभर थबकतं. दुसऱ्या ओळीतून वेग काढताना वर्गमूळ येतंच, आणि नेमका तेव्हा त्याचा आलेख उभाच्या उभा होतो: पातळीत इवलासा फरक, तर वेगात मोठी उडी. संख्यांनी सोडवणारी रीत तिथे अडखळते, पावलं लहान लहान करत जाते. मॉडेलिकाच्या प्रवाही पदार्थांच्या लायब्ररीत म्हणून वर्गमूळाऐवजी एक खास फल वापरतात, जे शून्याच्या जवळ थोडंसं सपाट केलेलं असतं. गणिती शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला ही तडजोड वाटेल. मला ती प्रामाणिक वाटते, कारण खरं पाणीही थबकताना भोवरे घालतं, तळाला घासतं, चिकटतं. शून्यापाशी शुद्ध वर्गमूळ पाळायला ते बांधलेलं नाही.

महाराष्ट्रात पाण्याची मॉडेलं जुनी आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ ची. तिथे बंदरांच्या आणि नद्यांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडतात, भरती-ओहोटी घडवतात. अशा प्रतिकृतीत ठोकळे-बाण नसतात, पाणी आपलं आपण ठरवतं. समीकरणांची भाषा त्या प्रतिकृतींच्या जवळची आहे, ठोकळ्यांच्या नव्हे, असं मला नेहमी वाटतं. आणि ही भाषा आपल्याकडे पोचवण्याचं मोठं काम मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या फॉसी प्रकल्पाने केलं आहे. विद्यार्थी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं ओपनमॉडेलिकात लिहितात, रासायनिक कारखान्यांच्या प्रक्रिया उभ्या करतात. त्याच आयआयटीतल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पामुळे सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात. परवान्याचे पैसे नाहीत, म्हणून मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुलीला वरच्या चार ओळी आज रात्री चालवून बघता येतील. तिच्या खिडकीबाहेर खाडी आहे, हा तिचा फायदा लुंडच्या लोकांना नव्हता.

तिने काय लिहावं, याबद्दल माझी एक इच्छा आहे. वरच्या मॉडेलमध्ये तोंडाचा छेद आपण ठरवून दिला. खरं तर तो पाणीच ठरवतं. प्रवाह जोराचा असेल तर वाळू वाहून जाते आणि तोंड रुंदावतं, मंद असेल तर वाळू बसते. म्हणजे तोंडही अज्ञातच आहे. ते अज्ञातांच्या यादीत घातलं की अज्ञातं पाच आणि समीकरणं चार होतात आणि साधन मॉडेल परत करतं. पाचवी ओळ हवी. ती मॉरो ओब्रायन यांनी १९३१ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या मोजणीतून शोधायला सुरुवात केली होती. भरतीत खाडीत शिरणारं एकूण पाणी आणि तोंडाचा छेद यांचं प्रमाण ठरलेलं दिसतं. त्यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या सोप्या रूपात आपल्या मनातल्या खाडीचे आकडे घातले, ५ लाख चौरस मीटर गुणिले २ मीटर म्हणजे १० लाख घनमीटर पाणी, तर छेद येतो सुमारे ६५ चौरस मीटर. मग सर्वांत जोराच्या क्षणी वेग किती? ७० भागिले ६५, सेकंदाला साधारण एक मीटर. जगभरच्या वाळूच्या तोंडांशी साधारण हाच वेग आढळतो. तो आपण कुठेही लिहिला नव्हता, दोन समीकरणांच्या भेटीतून तो निघाला.

ओब्रायन यांची मोजणी कोकणातली नव्हे. इथे जून ते सप्टेंबर नदी तोंडातून जो लोंढा ढकलते तो भरतीच्या हिशोबात नाही, आणि पावसाळ्यात वाळूची जी पट्टी फुटते ती हिवाळ्यात पुन्हा बांधली जाते. तेव्हा पाचव्या ओळीचं प्रमाण इथल्या खाड्यांवरच मोजायला हवं: पातळीची पट्टी, दोरीला बांधलेलं वजन, उधाण आणि भांग दोन्ही वेळच्या नोंदी. नदी मात्र जोडायला अडचण नाही. तिच्या टोकाशी पातळी, प्रवाह आणि मीठ लिहायचं आणि ती खाडीच्या आतल्या टोकाला लावायची. आधीच्या चार ओळींपैकी फक्त शेवटची बदलेल. उजवीकडे एका प्रवाहाऐवजी दोन प्रवाहांची बेरीज येईल, एक तोंडातून आलेला आणि दुसरा सह्याद्रीवरून उतरलेला.